सव्वा महिन्याच्या आत

श्रावणाच्या आरंभी आचऱ्याच्या वाटेवरील एका गावाहून एका आजीबाईंचे पत्र आम्हांस आले. त्यांची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दिवस भरण्यास पुरते आठ आठवडे उरले असता ऐन आषाढात ती प्रसूत झाली. मुलगा झाला, वजन भरले दीड किलो. वीस दिवस रुग्णालयात, आरंभी काचेच्या पेटीत व पुढे आईच्या उराशी काढून बाळ सुखरूप आजोळी आले. निघताना डॉक्टरांनी जो कागद दिला त्यावर तांबड्या शाईने लिहिले होते, की जन्मापासून २८व्या दिवशी बाळास डोळ्यांच्या तपासणीकरिता गोव्यास आणावे. आजीबाईंची अडचण येथूनच सुरू होते. बाळ-बाळंतिणीस सव्वा महिना उंबरा ओलांडू द्यावयाचा नाही, ही त्यांच्याकडची रीत आणि कुडाळकडील व्याह्यांचीही. बाहेर पाऊस कोसळतो आहे. "बाळ समईच्या ज्योतीकडे मान वळविते, डोळे स्वच्छ आहेत, चिपडेही येत नाहीत," असे लिहून त्या पुढे विचारतात, "दहा-बारा दिवस थांबले तर असे काय बिघडणार आहे? लेक माझी असली तरी नातू दुसऱ्या घरचा. मला जपून पाऊल टाकावे लागते."

मासिक छापून हाती पडेपर्यंत तो २८वा दिवस मागे पडला असता; म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी दूरध्वनीवरून कळविले, की एक दिवसही थांबू नये. परंतु हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०२० साली एकट्या भारतात सुमारे ३० लाख बालके दिवस भरण्यापूर्वी जन्मास आली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी केव्हा ना केव्हा असा पाळणा हलला असेल किंवा पुढे हलेल. सबब त्या उत्तरामागची कारणे येथे जरा विस्ताराने मांडतो.

आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस मोजतात. वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजते, आणि ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे मूल मानते. यासंबंधी एक समज घरोघर ऐकू येतो, तो असा की सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे आयुर्वेदाच्या ग्रंथांत म्हटले आहे, त्याचा आधार या समजास दिला जातो. ग्रंथकारांविषयी आम्हांस आदर आहे; तथापि रुग्णालयांतून आज लक्षावधी मुलांचा जो अनुभव जमा झाला आहे तो सरळ आहे. गर्भाशयात जितके दिवस अधिक, तितके मूल अधिक सुरक्षित. आठव्याचे मूल सातव्याहून बळकटच. या समजापायी घर आठव्यातल्या मुलाची आशा आधीच सोडते व सातव्यातल्याविषयी उगाच निर्धास्त राहते. दोन्ही वाईट.

त्या शेवटच्या आठवड्यांत गर्भ करतो तरी काय? तो त्वचेखाली चरबी साठवितो, यकृतात लोह साठवितो, आईच्या रक्तातून रोगांशी झुंजण्याची शक्ती उसनी घेतो. फुप्फुसांच्या सूक्ष्म कोषांस आतून एक पातळ, निसरडा लेप चढतो. तो नसेल तर प्रत्येक उच्छ्वासासरशी ते कोष मिटून जातात. चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा ताल ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमतो. यातले काहीच पुरे झाले नसता मूल बाहेर आले म्हणजे ते गार पडते, पिवळे होते, मध्येच श्वास घ्यावयास विसरते, दोन घोट घेऊन थकून झोपी जाते. १९६३ च्या ऑगस्टात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला तो साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंच्या वर होते. त्या लेपाच्या अभावी ते बाळ ३९ तासांत गेले. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखास त्या वेळी विकत घेता येईल असे औषधच नव्हते. हा लेप कमी पडतो हे मेरी एलन एव्हरी या विदुषीने १९५९ मध्येच दाखविले होते. परंतु तो बाहेरून देऊन मुले वाचविण्याची किमया जपानच्या फुजिवारा यांना साधली ती १९८० साली. त्याआधी, १९७२ मध्ये, न्यूझीलंडच्या लिगिन्स व हावी या दोघांनी मातेस प्रसूतीपूर्वी इंजेक्शन देऊन गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व करता येतात हे सिद्ध केले होते. हे स्वस्त इंजेक्शन आता आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतही देतात. मात्र ते प्रसूतीपूर्वी मिळाले पाहिजे. म्हणून आठव्या महिन्याच्या अलीकडे पोटात कळा येऊ लागल्या, पाणी गेले वा रक्त दिसले, तर "रात्र काढू, सकाळी पाहू" असे म्हणू नये. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरून ओरोसला किंवा बांबोळीला बाळास नेण्यापेक्षा बाळ पोटात असताना आईस नेणे केव्हाही श्रेयस्कर.

आता डोळ्यांकडे येतो. आजीबाईंचा प्रश्न त्याविषयीच आहे. डोळ्याच्या आतील पडद्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास मध्यभागातून निघतात व हळूहळू काठाकडे सरकत जातात. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर पडवळीचा वेल चढतो तशा. काठापर्यंत पोचावयास त्यांना जवळजवळ दिवस भरेपर्यंतचा काळ लागतो. मूल आधीच जन्मले की हा वेल अर्ध्या मांडवावरच थबकतो. प्राणवायू प्रमाणाबाहेर मिळाला तर अधिकच. आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा वाढू लागतो तो वेडावाकडा. वाहिन्या जागा सोडून भलत्याच बाजूस फुटतात, त्यांचे व्रण आखडतात आणि पडदा मागच्या भिंतीपासून ओढून काढतात. पडदा पुरता सुटला म्हणजे दृष्टी परत आणणे जवळजवळ अशक्य. बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी १९४२ मध्ये या रोगाचे वर्णन प्रथम केले. पुढील दहा-बारा वर्षांत सधन देशांतील सुमारे दहा हजार मुले याने अंध झाली, आणि ती प्रामुख्याने उत्तम रुग्णालयांतली. कारण तेथे प्राणवायू मुबलक होता. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखविले तेव्हा कोठे उलगडा झाला. प्राणवायू आज मोजून मापून देतात. तरी धोका संपलेला नाही, कारण पूर्वी जी मुले जगत नसत ती आता जगतात.

या रोगाची खरी दुष्टाई अशी, की बाहेरून काहीही दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी गळत नाही, बाळ ज्योतीकडे वळते. आजीबाईंनी जे जे पाहिले ते सारे खरे आहे आणि त्यातले काहीही येथे उपयोगी नाही. बाहुली औषधाने मोठी करून, आतला पडदा काठापर्यंत पाहणाऱ्या नेत्रवैद्यालाच तो कळतो. वेळेत कळला तर लेझर किरणांनी वा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनाने बहुतेकांची दृष्टी वाचते. परंतु उपचाराची वेळ ठरली की दोन-तीन दिवसांतच तो करावा लागतो. म्हणून आपल्या देशात नियम असा आहे, की जे मूल ३४ आठवड्यांपूर्वी जन्मले किंवा ज्याचे वजन जन्मतः दोन किलोंहून कमी होते, त्याच्या डोळ्यांची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतील अथवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलाची तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. मूल थोडे मोठे असूनही फार आजारी पडले असेल तर डॉक्टर त्यासही हाच नियम लावतात. आता वाचकांनीच हिशेब करावा. शास्त्राचा महिना ३० दिवसांचा, रीतीचा सव्वा महिन्याचा. मध्ये जे आठ-दहा दिवस पडतात, त्यांतच एखाद्या मुलाचे आयुष्यभराचे पाहणे जावयाचे.

ही नुसती भीती घालणे नव्हे. १९९६ साली चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली. वजन १२५० ग्रॅम. ती जगली, घरी गेली. डोळे तपासावयास हवेत हे आईबापांस कोणीच वेळेवर सांगितले नाही. आणि ती अंध झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ साली न्यायालयाने भरपाई ठरविली ती एक कोटी ऐंशी लाखांवर. तेथे सांगणारे कोणी नव्हते. आजीबाईंच्या हाती तांबड्या शाईचा कागद होता.

सव्वा महिन्याची रीत कोणी अविचाराने घातली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बाळंतिणीस विसावा मिळावा, बाळास दहा हातांचा व दहा तोंडांचा संसर्ग होऊ नये, ऊब राहावी, हाच तिच्यातला अर्थ; आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलास तर हे सर्व अधिकच हवे. तेव्हा रीत मोडू नये, तिचा अर्थ सांभाळावा. पाहुणे ओसरीवरूनच परत पाठवावेत. बारसे लांबले तरी चालेल. सर्दी-खोकला झालेल्या माणसाने, मग ते आजोबा का असेनात, बाळाच्या खोलीत पाऊल ठेवू नये. हात साबणाने धुतल्यावाचून कोणीही बाळास उचलू नये. उंबरा ओलांडावयाचा तो फक्त वैद्याकडे जाण्यासाठी.

पावसातून एवढे लांब न्यावयाचे कसे, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर कोलंबिया देशाच्या बोगोटा नगरीतून आले आहे. १९७८ मध्ये तेथील डॉ. रे यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या आणि मुले फार, तेव्हा त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे बांधावयास सुरुवात केली. कांगारूचे पिलू पिशवीत असते तसे. म्हणून त्या पद्धतीस तेच नाव पडले. टंचाईतून निघालेला हा उपाय पुढे पेटीहून सरस ठरला. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, अगदी आरंभापासून आईच्या छातीशी ठेवलेल्या लहान मुलांतले मृत्यू सुमारे चौथाईने कमी झाले. बाळास फक्त लंगोट, टोपरे व मोजे. ते आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, मान एका बाजूस, नाक मोकळे. वरून मऊ लुगड्याची झोळी व शाल. ओरोसला असो वा बांबोळीस, याच स्थितीत न्यावे. याहून चांगली ऊब कोणत्याही मोटारीत नाही. गाडीच्या काचा बंद, पण आतला गारवा बेताचा. दूध वेळच्या वेळी.

घरी आल्यावरही दिवसाचे शक्य तितके तास हेच चालू ठेवावे, आणि येथे एकत्र कुटुंबासारखे भाग्य नाही. आई थकली की बापाने घ्यावे, मग आजीने, मग मावशीने. पुरुषांना संकोच वाटतो. एका घरी आम्हांस असेही ऐकावयास मिळाले, की सोयर आहे, बापाने शिवावयाचे कसे? सोयर तर बापासही असतेच. त्याने लेकराला उराशी धरल्याने त्यात आणखी भर ती काय पडणार!

बाळंतिणीच्या खोलीतले काही प्रघात मात्र निःसंकोच सोडून द्यावेत. ओवा-शेपा टाकून शेगडीची धुरी देणे हे त्यांतले पहिले. या मुलांची फुप्फुसे आधीच अशक्त. धुराने ती आणखी होरपळतात. न्हाणीत कढत पाण्याचे धबाबा स्नान व जोराचे मर्दन नको. डॉक्टर सांगतील तोवर कोमट पाण्याने पुसून घेणे पुरे. घुटी, मध, साखरेचे पाणी, काही नको. मधाने तर तान्ह्या मुलास विषबाधा झाल्याचीही उदाहरणे आहेत. आईचेच दूध, चोखता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने. आईस दूध अपुरे असेल तर दुसऱ्या मातेचे तपासलेले दूध देणाऱ्या पेढ्या आता निघाल्या आहेत. आशियातली पहिली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये काढली. लोहाचे व जीवनसत्त्वांचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिले असतील तर ते "उष्ण पडतात" म्हणून बंद करू नयेत. जो साठा शेवटच्या आठवड्यांत व्हावयाचा होता तोच ते भरून काढतात.

आणि आशाताई दारात आल्या तर त्यांना पडवीतच चहा देऊन बोळवू नये. ही सोय गोरगरिबांसाठी, आम्हांस काय तिचे, असे सुशिक्षित घरांतून समजतात. ते चूक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायांस शिकवून, वजनकाटा, तापमापक व उबदार झोळी देऊन घरोघर पाठविले. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आले आणि त्याच पायावर आशाताईंच्या ४२ दिवसांपर्यंतच्या भेटी उभ्या आहेत. बाळ दूध घेईनासे झाले, अंग गार वा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळे पडले, तळहात-तळपाय पिवळे झाले, पोट फुगले, झटका आला, तर यांपैकी एकही गोष्ट सकाळपर्यंत थांबण्याजोगी नाही. १०८ची गाडी बोलवावी.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत घरात निराळाच त्रास सुरू होतो, तो तुलनेचा. जावेची मुलगी सहाव्या महिन्यात बसू लागली, आमचा अजून मानही धड सांभाळत नाही! दोन महिने आधी आलेल्या मुलाचे सहा महिने हे खरोखर चारच महिने होत. वाढ, बसणे, रांगणे, बोलणे यांचा हिशेब दोन वर्षांपर्यंत असा वजा करून धरावा. लसींचा मात्र नव्हे. त्या जन्मतारखेवरूनच द्यावयाच्या. हा भेद पुष्कळ सुशिक्षित घरांतही उलटा होताना आम्ही पाहिला आहे. लस "अजून लहान आहे" म्हणून पुढे ढकलतात आणि मूल चालत नाही म्हणून चिंता करतात. मात्र वजा करूनही वाढ मागे दिसली, एकच हात वापरणे, पाय कात्रीसारखे ताठ होणे, हाकेस न वळणे असे काही आढळले, तर "आमच्या घरात मुले उशिराच बोलतात" हे समाधान पुरे नाही. सर्वच अपुऱ्या दिवसांच्या मुलांत नव्हे, पण थोड्यांत मेंदूस इजा झालेली असते; व्यायाम लवकर सुरू झाला तर फळ अधिक मिळते. कानांची तपासणी रुग्णालयातून निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

पहिली दोन वर्षे सर्दीचे छातीत उतरणे, धाप लागणे, रुग्णालयाची वारी हे या मुलांत अधिक. घरात विडी-सिगारेट पूर्ण वर्ज्य. जांघेत फुगवटा दिसला तर तो आंत्रवृद्धीचा असू शकतो; तो मुलग्यांत बराच आढळतो व शस्त्रक्रियेने बरा होतो. डोळे पहिल्या तपासण्यांत ठीक निघाले तरी पुढे चष्मा किंवा तिरळेपणा येण्याचा संभव राहतो, म्हणून शाळेपूर्वी एकदा दाखवावे. शाळेत गेल्यावर काहींचे अक्षर नीट वळत नाही, गणित अडते, मन एका जागी ठरत नाही. अशा मुलास आळशी ठरवून छडी दाखविण्यापूर्वी शिक्षकांस त्याच्या जन्माची हकीकत सांगावी. ती मोठेपणीही कामी येते. या माणसांत रक्तदाब थोडा लवकर वाढण्याकडे कल असतो, म्हणून जन्माच्या आठवड्यांचा व वजनाचा कागद पत्रिकेइतकाच जपून ठेवावा. एवढे वाचून कोणी धास्तावून जाऊ नये. बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात. न्यूटन जन्मला तो इतका चिमुकला, की शेराच्या मापात मावला असता, असे तो स्वतःच म्हातारपणी सांगे. घरात "सातमासी" हे टोपणनाव मात्र पडू देऊ नये. मूल ते विसरत नाही.

हा मजकूर छपाईस जात असता आजीबाईंचे दुसरे पत्र आले आहे. २८व्या दिवशी भर पावसात त्या गेल्या. व्याह्यांस आदल्या रात्री जावयानेच समजाविले. तेही मग बांद्यापासून बरोबर आले. तपासणीत उजव्या डोळ्यात रोगाची सुरुवात दिसली, उपचाराची वेळ अद्याप आलेली नाही. दर दोन आठवड्यांनी पाहात राहावयाचे. दुसरी तपासणीही झाली, स्थिती तशीच आहे. तिसरी नेमकी हरितालिकेच्या दिवशी पडली आहे. घरात माटवी बांधावयाची, आणि महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग. आजीबाई लिहितात, "तारीख बदलून मागू नये असे आपण सांगितले होते, ते ध्यानात आहे. पहाटे चारला निघतो. माटवी परत येऊन बांधू."